बंड्याची लस आणि कपाटावरची सुटकेस

जुबैल (सौदी), शुक्रवार, संध्याकाळ

ठरलं एकदाचं! आठवडाभर डोकं खाल्लं होतं या लशीने. बंड्या आता चांगला मोठा कुत्रा आहे, त्याला दरवर्षी सुया कशाला टोचायच्या, हे माझं म्हणणं. मंदारचं एकच, "सगळ्या देऊन टाकू, विषय संपला." नवरा प्लँटवर सेफ्टीला असला की दुसरं काय ऐकणार?

आज डॉक्टरांनाच विचारलं. मल्याळी आहेत, हिंदीत म्हणाले, "बाकी वैक्सीन तीन साल में एक बार चलेगा. रेबीज हर साल. कभी इंडिया ले जाना है ना? ताज़ा सर्टिफिकेट लगेगा."

 मला घरातली कपाटावरची सुटकेस आठवली.

बंड्याचे आधीचे मालक कायमचे भारतात परतले आणि याला आमच्याकडे ठेवून गेले. तेव्हापासून कपाटावरची सुटकेस खाली आली की हा जेवण सोडतो. आम्ही सुट्टीला नाशिकला निघालो तरी. आणि आमची इथली नोकरी तरी किती दिवसांची, कुणी सांगावं?

म्हणून रेबीजची दरवर्षी, बाकीच्या तीन वर्षांनी. मंदारलाही पटलं. आजची टोचूनही झाली.

घरी आल्यावर मी मुद्दाम सुटकेस खाली काढली. आत फक्त बंड्याची चादर आणि त्याचा चेंडू ठेवला. मंदार हसला, "त्याला काय कळणार?"

नसेल कळलं. पण बंड्याने सुटकेस हुंगली, आत जाऊन बसला, आणि समोर ठेवलेलं ताट चाटूनपुसून लख्ख केलं.