सहा सेलचं झाकण

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला गेलाय, तू आल्यावर खोकायचं म्हणून थोडा राखून ठेवलाय इतकंच. वाचनालयात मी रुळतेय. मोठ्या बाई मला अजून 'नवीन' म्हणूनच हाक मारतात.

मुख्य काम वेगळंच. पहिल्या पगारातून तुझ्यासाठी कीबोर्ड घेतेय. महागाचा नाही, काखेत मारून नेता येईल, घरी वाजवता येईल एवढाच. तीन शनिवार दुकानात जातेय. काल दुकानदारकाका म्हणाले, "बाई, लोक नवरासुद्धा इतका पारखून घेत नाहीत."

दोन उरलेत. पहिला हलका, हेडफोन लागणारा, पण पट्ट्या अरुंद. तुझं एक बोट दोन पट्ट्यांवर पडेल. दुसऱ्याच्या पट्ट्या ऐसपैस, आवाज भरदार, पण हेडफोनची जागा बिघडलेली, म्हणून स्वस्तात मिळतोय. तुझ्या शिवणाच्या टेबलावर दोन्ही मावतात. माप मी भावोजींना फोन करून घेतलं, त्यांना बोलू नकोस.

मला पहिला बरा वाटतो. तुमची एकच खोली, पिल्लू झोपलेलं, भावोजी पाळीवरून आलेले. हेडफोन लावला की कुणी तुला बंद कर म्हणणार नाही.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली आणि परत येऊन बसले. फोनवर जमलं नसतं म्हणून हे पत्र.

आपल्या जुन्या कीबोर्डाचा अ‍ॅडॅप्टर हरवला नव्हता. माझ्या शेवटच्या परीक्षेआधी तो मीच ट्रंकेत लपवला होता. तू शिलाईच्या कारखान्यातून सहाला यायचीस, चहा घेऊन तासभर वाजवायचीस. दिवसातला तेवढाच तास तुझा. बंद कर म्हणायची मला लाज वाटली, कारण तू दहावीनंतर मशीनवर बसलीस म्हणून मी पुस्तकासमोर बसले होते. तू कॉटखाली वाकून शोधत होतीस आणि मी पान उलटत म्हटलं, "पडला असेल कुठेतरी." परीक्षा संपल्यावर परत ठेवणार होते. त्याआधीच तू कीबोर्ड भंगारात दिल्याचं सांगितलंस. मग कुठल्या तोंडाने काढणार? त्याच वर्षी मी समतेवर निबंध लिहून बक्षीस घेतलं, ताई.

काल काकांनी कीबोर्ड उलटा करून खालचं झाकण उघडलं. "सहा सेल घाला, वायरची गरज नाही." आपल्याही कीबोर्डाला तसंच झाकण होतं. धूळ पुसताना शंभरदा पाहिलंय, कधी उघडलं नाही. तुला ठाऊक होतं का? असेल, तर गप्प का राहिलीस?

अ‍ॅडॅप्टर सोबत पाठवतेय. रागावलीस तरी कोणता घ्यायचा ते कळव.

तुझी,
बारकी

१७ सप्टेंबर

बारके,

पत्र आणि तो काळा ठोकळा, दोन्ही पोचलं.

झाकण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या ट्रंकेचंही. स्वेटर धुवायला काढला तर खाली वायर निघाली. राग आला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही, तुझ्या लक्षातही आलं नाही. मग वाटलं, बंद कर म्हणायचं सोडून लपवते, म्हणजे पोरगी किती धास्तावलीये. सेल घातले आणि कीबोर्ड कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत वाजवायचे. काजं करणारी मावशी डबा सोडून गायची, सुपरवायझर दारात उभा राहून ऐकायचा आणि गाणं संपलं की घड्याळ दाखवायचा. भंगाराचं सांगितलं, कारण खरं कळतं तर तू भर परीक्षेत रडत बसली असतीस.

लग्न झाल्यावर कीबोर्ड कारखान्यातच ठेवून आले. अ‍ॅडॅप्टर मावशीला पाठवतेय. सेल आणून आणून सगळ्या वैतागल्यात.

दुसरा घे. पिल्लू मशीनच्या खडखडाटातच झोपतं, आणि तुझे भावोजी कानाशी ढोल बडवला तरी उठत नाहीत. हेडफोन नको. मला आता घरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाजवायचंय.

तूच घेऊन ये. सहा वाजता माझ्यासमोर बस. पुस्तक आणू नकोस.

तुझीच,
ताई