आयुष्यभर फुकट शिवून मिळेल

ता. ३ मार्च

चि. ठकीस, आजीचे अ. उ. आ.

मी ठणठणीत आहे. पत्र वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई लिहितायत. मी सांगते एक, त्या शुद्ध करून लिहितात दुसरंच. गोड शब्द दिसले तर ते त्यांचे समज.

पेपरात तुझा फोटो आला. बाईंनी वाचून दाखवलं, एका शिलाई यंत्राची चाळीस यंत्रं झाली, शाळा उघडायच्या आधी तुझ्या दप्तरांसाठी रांग लागते. ऊर भरून आला गं. मग फोटो डोळ्यांजवळ धरला, तर तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. दोन वर्षांत एकदा आलीस, तीही चहा गार व्हायच्या आत परत. नातजावई फोनवर म्हणाले, रविवारीसुद्धा ती कारखान्यातच असते. चाळीस यंत्रांची मालकीण रविवारी करते काय? खरं लिही. मला वाचता येत नाही, पण लपवलंस तर बाईंच्या आवाजावरून कळतं.

मायेत कमी-जास्त नाही, हे काय सांगायचं?
तुझी आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून सांगते, आईला कळवू नकोस. प्रत्येक दप्तराच्या आत आम्ही एक पट्टी शिवतो: उसवलं तर आयुष्यभर फुकट शिवून देऊ. सुरुवातीला महिन्याकाठी एखादं परत यायचं. आता रोज तीस येतात. चेन, अस्तर, पार्सलचं जाण्यायेण्याचं भाडं, सगळं आमच्या पदरचं. कारागिरांना नव्या मालातून उसंत नाही, म्हणून रविवारी मी शिवायला बसते. पाच महिने स्वतःचा पगार उचललेला नाही. खांदा तर तू पाहिलासच. परवा कुणी लेकीला विचारलं, आई कधी भेटेल? ती म्हणाली, तुमचं दप्तर फाटलं असेल तर लगेच.

हे म्हणतात, दुरुस्तीला पैसे लाव. माझी जीभच रेटत नाही. तू दारात यंत्र मांडून अख्ख्या गल्लीच्या पिशव्या शिवल्यास, एका पैशाला हात लावला नाहीस. तेच बघत मी वाढले. तुझ्या नातीने टाक्याचे पैसे मागायचे?

बाकी मजेत. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ठकी

ता. १९ मार्च

चि. ठकीस, अ. उ. आ.

बाईंना म्हटलं, आज एक अक्षर बदलाल तर चहा बंद. तर ऐक. मी फुकट कधीच शिवलं नाही! शेजारणींकडून रोख घ्यायचे, आणि घासाघीस करणारीकडून दुप्पट. तू सात वर्षांची असताना शाळेत सांगून आलीस, माझी आजी कुणाकडून पैसे घेत नाही. इतकी छाती फुगवून सांगितलंस की मला खरं बोलवेना. मग गिऱ्हाईक कनवटीला हात घालायला लागलं की मी तुला आत पाणी आणायला पाठवायचे. गल्लीतल्या बायका किती पाणी प्यायच्या, तुला कधी नवल वाटलं नाही? तुझी फी, वह्या, सगळं त्याच पाण्यातून निघालं.

माझ्या एका थापेवर तू कारखाना उभारलास, ही हुशारी तुझी. खांदा मोडलास, तो मात्र माझ्या नावावर. हे सांगताना मी हसत होते, शेवटी शेवटी हसू आलं नाही. बाईंना लिहू नका म्हटलं होतं, त्यांनी लिहिलंच.

जुन्या पट्ट्यांचा शब्द पाळ, पण त्याला पगारी माणूस ठेव. नव्या दप्तरांना एक वर्ष फुकट, पुढे पैसे. रविवारी कारखान्याला कुलूप.

आणि पहिले पैसे घेशील तेव्हा लेकीला शेजारी बसव. तिला पाणी आणायला पाठवू नकोस.

जीव लावतेस तसा लावत राहा.
तुझी लबाड आजी