कान नेमके कुठे असतात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? भावोजींचा खोकला तुला घाबरून गेला असेलच. आम्ही सगळे मजेत आहोत. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस (पत्र चालू असताना तुला मध्ये बोलता येत नाही, ही पत्राची मोठी सोय आहे).

तू सांगितल्याप्रमाणे शनिवारी मी बारकीच्या शाळेत पालकसभेला गेलो. नववीत गेलेल्या मुलीने रंगात हात बरबटून घेण्यापेक्षा गणिताच्या जादा वर्गात बसावं, हे तुझं म्हणणं मला अगदी पटलं होतं (तुझं म्हणणं न पटण्याची पद्धत आपल्या घरात कधीच नव्हती, ही गोष्ट वेगळी). हे कानावर गेल्यापासून बारकी माझ्याशी बोलत नव्हती. दुकानातून आल्यावर पाण्याचा पेला आणून ठेवायची, पण असा आदळून की निम्मं पाणी टेबलाने प्यावं. मी मात्र शाळेत बोलायचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं: बाई, आमच्या मुलीचं नाव चित्रकलेतून कमी करा. सोपं वाक्य आहे. चष्म्याच्या दुकानात बसून मी याहून अवघड वाक्यं रोज बोलतो, उदाहरणार्थ, ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही.

चित्रकलेच्या बाई उंचीला माझ्या काउंटरएवढ्या, पण आवाज असा की थोराड बाप्येसुद्धा बाकावर हाताची घडी घालून बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी सगळ्यांच्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि सांगितलं, आधी आपापल्या मुलाचा चेहरा काढा, आठवून. बोलायचं ते मग बोलू. शेजारचे बेकरीवाले घाम पुसायला लागले. मी मनातल्या मनात हसलो. ताई, मी इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवरच पोट भरतोय. कुणाचं नाक बसकं, कुणाचा एक कान खाली, हे मला गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं. मी बाह्या सरसावल्या.

डोळे काढले ते कपाळावर गेले. मग खाली इतकी जागा उरली की नाक लांबतच गेलं (ते थेट तुझ्यासारखं झालं होतं, पण तो मुद्दा आता नको). कान राहिले. ते नेमके कुठे असतात हे मला काही केल्या आठवेना. ज्या कानांवर दांड्या बसवून आपण घर चालवतो, ते कान. शेवटी मोकळी जागा दिसली तिथे लावून टाकले. बेकरीवाल्यांचं चित्र माझ्यापेक्षा बरं होतं. निदान पावासारखं तरी दिसत होतं.

बाई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या, बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हिचा चष्मा कुठंय?"

ताई, बारकीला सहावीपासून चष्मा आहे. तो मीच दिलाय. डावा पावणेदोन, उजवा दीड, झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. फ्रेम मी निवडली, सैल झालेला स्क्रू दर महिन्याला मी आवळतो. आणि कागदावर आली ती बिनचष्म्याची पोर. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण आतून पार खजील झालो.

मग बाईंनी मागच्या भिंतीकडे वळायला सांगितलं. तिथे दोरीला चिमटे लावून मुलांनी काढलेले आईबाप टांगले होते, तेही आठवूनच काढलेले. मला मी लगेच सापडलो. चष्मा डोक्यावर चढवलेला, दातांत बारीक स्क्रूड्रायव्हर, कॉलरची एक बाजू आत (ती खरंच आत होती, कपाटाच्या काचेत बघून खात्री केली). कान अगदी जिथल्या तिथे. फक्त बाकीच्यांचे आईबाप समोर बघत होते आणि मी मान खाली घालून हातातल्या फ्रेमकडे. पोरीने मला एवढं निरखून पाहिलं, आणि पाहताना तिला सदा माझी टाळूच दिसली. वाईट वाटलं, ताई. तुझ्यापासून काय लपवायचं.

"यातले चित्रकार फार तर एक-दोन होतील," बाई म्हणाल्या. "बाकीचे निदान समोरच्या माणसाकडे बघायला शिकले तरी मला पुष्कळ. बोला, तुमचं काय काम होतं?"

वाक्य तोंडपाठ होतं. पण निघालं ते असं, "पालकांसाठी वर्ग असतो का?"

असतो. गुरुवारी संध्याकाळी. त्यामुळे बारकी चित्रकलेतच राहणार आहे, कारण मला घरी शिकवायला कुणीतरी हवं. ती आता बोलायलाही लागली आहे, मुख्यतः "बाबा, खोडू नका, आधी बघा" एवढंच. धंद्यावर थोडा परिणाम झालाय. काल एका बाईंचा चेहरा मी एक डोळा मिटून, पेन्सिल लांब धरून मोजत बसलो, तर त्या तडक उठून नवऱ्याला घेऊन आल्या. नवऱ्यालाही चष्मा लागलेला निघाला, म्हणून निभावलं.

रागावू नकोस. रागावलीसच तर कपाळाला आठ्या कशा पडतात ते आरशात बघून कळव. अभ्यासाला उपयोगी पडेल.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक),
धाकटा

ता. क. सोबत तुझं चित्र पाठवतोय, आठवून काढलेलं. केस आहेत ती वरची बाजू.

आणखी एक ता. क. खरं काम राहिलंच. परवा आईचं चित्र काढायला बसलो होतो. तिचा चष्मा हुबेहूब आला, तपकिरी फ्रेम, डाव्या दांडीला तिच्या शेवटच्या दिवसांत मी गुंडाळलेला दोरा, सगळं. काचांच्या आतले डोळे काही येईनात. तुझे डोळे आईवर गेलेत असं सगळे म्हणतात. मला तेही नीट आठवत नाहीत, कारण तू बोलायला लागलीस की मी मान खाली घालतो. तर रविवारी येऊन अर्धा तास माझ्यासमोर बसशील का? बारकीने खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवली आहे. चित्रकलेवरून मला झापायचं असेल तर तेव्हाच झाप. या वेळी मी वर बघणार आहे.