‘नंतर’ लिहिलेल्या पाकिटाची व्यवस्था

मी, ज्याला कचेरीत चिठ्ठीसाहेब म्हणतात आणि घरात दादा, वय वर्षे छप्पन्न, शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी, पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत लेखापाल, राहणार याच घराच्या तळमजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. उद्देश एकच आहे. माझ्या पश्चात या घरातील कपाटाची किल्ली माझ्या मुलीच्या गळ्यात पडू नये.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मला तपासून मन शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत टाचला आहे. दाखला लिहिता लिहिता ते म्हणाले, “डोकं ठणठणीत आहे, पण गुडघे सत्तरीचे दिसतात. एवढं चालता कशाला?” मी म्हणालो, “व्यायाम.” हे उत्तर खोटे होते. कलम ७ पाहावे.

आपण कोणाच्याही दबावाखाली नाही, असे या ठिकाणी लिहिण्याची रीत आहे. कोणाही व्यक्तीचा माझ्यावर दबाव नाही. दबाव आहे तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेचा, आणि तो बत्तीस वर्षांचा आहे.

कलम १. तळमजल्याच्या तीन खोल्या, बँकेतील ठेव व भविष्यनिर्वाह निधी हे सर्व माझ्या पत्नीस मिळावे. वरचा मजला वडिलांनी हयातीतच माझ्या धाकट्या भावाच्या नावे केला आहे; त्याच्याशी या मृत्युपत्राचा संबंध नाही.

कलम २. रोख रकमेची पद्धत प्रथम नमूद करतो, म्हणजे पुढील कलमे समजतील. वडिलांचा बँकेवर विश्वास होता, परंतु माणसांच्या हातांवर नव्हता. पहिल्या तारखेला घरातील सर्व पगार रोखीने जेवणाच्या टेबलावर यायचा आणि तपकिरी पाकिटांत विभागला जायचा : किराणा, दूध, वीजपाणी, औषध, कपडे, येणेजाणे, दुरुस्ती, किरकोळ आणि आणखी तीन. एका पाकिटातून दुसऱ्यात उसने घ्यायचे तर चिठ्ठी टाकायची. तिच्यावर रक्कम, तारीख, कारण आणि सही. मी चोवीस वर्षांचा असताना, पदवीचा निकाल लागून बराच काळ लोटल्यावर, वडिलांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. “तू हिशोब शिकलास. आता तूच बघ.” मी वाक्याच्या शेवटाची वाट पाहिली. कधीपर्यंत, हे ते सांगतील असे वाटले होते. ते जेवायला बसले.

एकोणतिसाव्या वर्षी बंदराच्या गावातील एका मोठ्या कंपनीने मला बोलावले. पगार दुप्पट, राहायला खोली, खिडकीतून जहाजे दिसणार. मी नकाराचे पत्र लिहिले. बायकोने कारण विचारले तेव्हा मी म्हणालो, “पहिल्या तारखेला पाकिटं कोण भरणार?” त्या वेळी ते मला कारण वाटले होते.

कलम ३. पत्नीस आणखी एक गोष्ट देतो. अठ्ठावीस वर्षांत तिने लिहिलेल्या एक हजार एकशे चाळीस चिठ्ठ्या मी सालवार बांधून ठेवल्या आहेत. त्यांपैकी एकच मी नामंजूर केली होती. तिच्यावर लिहिले होते, ‘पन्नास. कारण : सांगणार नाही.’ मी ती परत करू लागलो, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, अकरा पाकिटं केलीत, पण एकातही मी मावत नाही.” ती चिठ्ठी मी आज मंजूर केली आहे. पन्नास चिठ्ठीसोबत टाचून ठेवले आहेत. कारण आता विचारायचे नाही, असे मी स्वतःस बजावतो.

कलम ४. आमचा वाणी सुट्ट्या पैशांऐवजी लिमलेटच्या गोळ्या देतो. अशा दोनशे सतरा गोळ्या काचेच्या बरणीत तारखेच्या क्रमाने ठेवल्या आहेत. माझ्या पश्चात ती बरणी त्याच्या गल्ल्यावर ठेवून रोख रक्कम वसूल करावी. तो हसण्यावारी नेईल. नेऊ देऊ नये.

कलम ५. शिडी शेजाऱ्यांकडे आहे. ती आपली आहे.

कलम ६. माझ्या धाकट्या भावास मी काहीही देत नाही. त्याच्या पत्नीसही काही देत नाही. पितळी तराजू तिला आवडतो, तो मी कालच तिच्या हाती दिला, म्हणजे मृत्युपत्रात यायला नको. वाचणाऱ्याने यास जुना राग समजू नये. राग होता, तो पुढील कलमात आहे. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या दस्तलेखकांनी मला सांगितले की ज्यास मृत्युपत्रातून लाभ होतो त्याने किंवा त्याच्या पत्नीने साक्षीदार होऊ नये. झाल्यास तो लाभ जातो. मला धाकट्याची सही हवी आहे. म्हणून त्यास काही नाही.

कलम ७. हे कलम लिहिण्यासाठी बाकीची लिहिली आहेत.

बारावे पाकीट म्हणजे ‘नंतर’. वडिलांनी निळ्या पेन्सिलीने ते नाव घातले. महिनाअखेरीस जे उरेल ते त्यात, आणि ते या घरातील पुढच्या पिढीच्या शिक्षणासाठी. वडिलांनी त्याची पट्टी डिंकाने चिकटवली, वरून आम्हा दोघा भावांच्या सह्या घेतल्या आणि नोट सरकवण्याइतकी फट तेवढी ठेवली. उघडायचे ते दोघांनी समोरासमोर बसून, पुन्हा सह्या करून. फटीतून गठ्ठा जात नसे, म्हणून त्यात फक्त मोठ्या नोटा टाकायच्या, असेही त्यांनीच ठरवले. रक्कम चौऱ्याऐंशी हजार झाली तेव्हा फटही बंद केली. घरात कोणी काही मागितले की उत्तर एकच असे : “नंतर बघू.” माझी मुलगी लहान असताना तिला वाटे की ‘नंतर’ हे कपाटाचेच नाव आहे. या घरातील पुढची पिढी म्हणजे ती एकटीच. धाकट्यास मूल नाही.

नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने दुधाच्या पाकिटातून तीनशे घेतले. तो गाड्या दुरुस्त करतो. चिठ्ठीवर त्याच्या अंगठ्याचा ग्रीसचा ठसा होता आणि मजकूर इतकाच : ‘तीनशे घेतले. मी.’ मी ती जिन्यातून वर पाठवली, तारीख व कारण मागितले. ती खाली आली. तारीख घातली होती. पुढे लिहिले होते, ‘कारण : मीही या घरात राहतो.’

मी जिन्याखाली उभा राहून म्हणालो, “हे कारण होत नाही.”

तो वरून म्हणाला, “मग ‘कारण नाही’ असंच लिहून ठेव तुझ्या वहीत.”

त्यानंतर आम्ही त्रेपन्न दिवस बोललो नाही. त्याचा घरखर्चाचा वाटा त्याची बायको मुकाट्याने टेबलावर आणून ठेवी. त्याच त्रेपन्न दिवसांत मोठ्या नोटा चलनातून बाद झाल्याचे जाहीर झाले. बदलून घेण्यास मुदत होती. अकराही पाकिटांतील मोठ्या नोटा मी रांगेत उभा राहून बदलल्या. बारावे उघडण्यास त्याची सही लागत होती. मी हाक मारणार नव्हतो, कारण चूक त्याची होती. एकट्याने उघडणार नव्हतो, कारण तो नियम होता. शेवटच्या दिवशी दुपारी चारपर्यंत मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. चार वाजता बँका बंद झाल्या. मी किल्ली लावून उठलो.

त्या दिवसापासून ‘नंतर’मध्ये फक्त कागद आहेत. हे घरात मी कोणास सांगितले नाही. मुदतीत काम झाले, असे सर्व जण धरून चालले, धाकट्यासही मी एकट्याने उघडले असे वाटले असावे, आणि मी तसे धरू दिले. पन्नाससाठी ज्याने स्वतःच्या बायकोस कारण विचारले, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचे होते?

तेव्हापासून कचेरीत पायी जातो व पायी येतो. बसचे वाचलेले भाडे सरासरी दरमहा चारशे ऐंशी, म्हणजे नऊ वर्षांचे एक्कावन्न हजार आठशे चाळीस. चहा, दाढीची पाती, वर्तमानपत्र यांतून नऊ हजार सहाशे साठ. एकूण एकसष्ट हजार पाचशे. ही रक्कम माझ्या पदवीच्या फ्रेममागे आहे. बावीस हजार पाचशे कमी पडतात. माझ्या चालीने चार वर्षे लागतील. गुडघे तितकी देणार नाहीत.

कलम ८. मुलगी बावीस वर्षांची आहे. दूरच्या शहरात जमीन मोजण्याच्या व नकाशे काढण्याच्या अभ्यासक्रमास तिची निवड झाली. शुल्क आणि राहणे मिळून ऐंशी हजार, भरण्याची मुदत या महिन्याची पंधरा तारीख. गेल्या रविवारी पत्नी म्हणाली, “‘नंतर’ कशासाठी ठेवलंय मग? काढा की.” मी ताटाकडे पाहत राहिलो. माझे गप्प बसणे मुलीस वेगळे वाटले असावे. मला सोडवण्यासाठी ती हसून म्हणाली, “आई, राहू दे गं. मी गेले तर बाबांनंतर पहिल्या तारखेला पाकिटं कोण भरणार?”

शब्द माझेच होते. सत्तावीस वर्षांनी मी ते पलीकडच्या बाजूने ऐकले. खोली तीच, टेबल तेच, आणि किल्ली माझ्या खिशात मांडीला टोचत होती. दुसऱ्या दिवशी रजा घेऊन मी दस्तलेखकांकडे गेलो.

सबब असे लिहितो : मुलीने पंधरा तारखेच्या आत जावे.

हे वाक्य दस्तलेखकांनी मान्य केले नाही. ते म्हणाले, “साहेब, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. पंधरा तारखेच्या आत जायचा विचार आहे का तुमचा?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग हे कलम इथे बसत नाही. हे जिवंतपणी करायचं काम आहे. त्याला माझी फी लागत नाही.”

त्यांचे म्हणणे कायद्यास धरून आहे. तरीही ते वाक्य मी खोडलेले नाही.

कलम ९. कपाटाची किल्ली मी कोणासही देत नाही. माझ्या पश्चात कुलूप काढून टाकावे. पाकिटे चालू ठेवायची की नाही हे त्या वेळी घरात असणाऱ्यांनी ठरवावे. मात्र ज्याचे शिक्षण हिशोबाचे आहे, केवळ एवढ्या कारणाने ते काम कोणाच्याही माथी मारू नये. ते कारण होत नाही.

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी जेवणाच्या टेबलावर पत्नी, मुलगी, धाकटा व डॉक्टर यांच्यासमोर मी मोठ्याने वाचला. पुढे जे झाले त्याची नोंद करतो, कारण त्यामुळे रकमेत बदल झाला आहे.

धाकटा म्हणाला, “दादा, त्या दिवशी चार वाजेपर्यंत ना?”

“हो.”

“मी जिन्यात बसलो होतो. वरून तिसऱ्या पायरीवर. पेन होतं खिशात. म्हटलं, हा हाक मारेल.”

मी म्हणालो, “मला वाटलं, तू येशील.”

“खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला मी,” तो म्हणाला. “मग उठलो.”

पत्नी म्हणाली, “चौदा पायऱ्या आहेत त्या जिन्याला. चौदा!” आणि आत जाऊन तिने नळ सोडला, तो बराच वेळ चालू होता. मुलीने माझ्या गुडघ्यांकडे पाहिले.

मग धाकट्याने विचारले, “किती कमी पडतात?” मी आकडा सांगितला. तो वर जाऊन नोटा घेऊन आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, “आता चिठ्ठी लिहू का? तारखेसकट, कारणासकट?”

मी म्हणालो, “नको.”

तरी त्याने लिहिली. ती या मृत्युपत्रास जोडली आहे. रक्कम बावीस हजार पाचशे, तारीख आजची. कारणाच्या ठिकाणी नऊ वर्षांपूर्वीचेच वाक्य आहे. यावेळी मी ते ग्राह्य धरले.

मुलगी म्हणाली, “बाबा, मी गेल्यावर तुम्ही काय करणार?”

मी प्रामाणिकपणे सांगितले की मला माहीत नाही. बत्तीस वर्षांत कोणी विचारले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, “बसने जा.”

त्यानंतर आम्ही दोघा भावांनी समोरासमोर बसून ‘नंतर’च्या पट्टीवर पुन्हा सह्या केल्या आणि पाकीट उघडले. आत एकशे अडुसष्ट बाद नोटा निघाल्या. मोजल्या, बरोबर आहेत. चौऱ्याऐंशी हजार मुलीच्या हाती दिले. त्यांतील वरचे चार हजार तिला कशासाठी लागतील हे तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. सबब कलम ८ मधील वाक्य आता अनावश्यक झाले आहे. ते मी एका सरळ रेघेने खोडले असून रेघेच्या दोन्ही टोकांस साक्षीदारांनी आद्याक्षरे केली आहेत.

साक्षीदार क्रमांक एक : धाकटा भाऊ, वाहनदुरुस्ती, राहणार वरचा मजला. (सही) यांची सही पाकिटावरील जुन्या सहीशी ताडून पाहिली. जुळते.

साक्षीदार क्रमांक दोन : कोपऱ्यावरचे डॉक्टर. (सही)

मृत्युपत्र करणार : (सही) चिठ्ठीसाहेब, म्हणजे दादा

स्थळ : जेवणाचे टेबल, तळमजला

दिनांक : चालू महिन्याची पहिली. दुपारचे चार वाजून गेले आहेत. पाकिटे अद्याप भरलेली नाहीत.