वाळूवरची साय

वेस्ट मांबलम, चेन्नै
मंगळवार, सकाळपासून नुसतं ढगाळ

तीर्थरूप रंगा अण्णांच्या चरणी धाकट्या राजगोपालाचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागेल, म्हणून कागदावरचा गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा या हवेत उचल खात नाही ना? इकडे आम्ही मायलेक खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण आई फोनवर तुम्हाला सगळं सांगतेच, तेव्हा खोटं लिहून उपयोग नाही.

मागे एकदा फोनवर तुम्ही म्हणालात की इथल्या पाण्याने आईच्या पोटाचे हाल होतायत. वैकुंठ एकादशीपर्यंत पाणी सुधारलं नाही तर तुमच्या मुरलीला गाडी देऊन पाठवाल आणि तिला कायमची तंजावरला न्याल. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याची बादली जरा वेळ ठेवली की तांबूस होते, भात पिवळा होतो, आणि माझी नेसायची पांढरी वेष्टी आता एखाद्या संन्याशालाच शोभेल. पण अण्णा, माझी सीतालक्ष्मी वारल्यापासून या घरात माणसाचा आवाज म्हणजे आईचाच. ती गेली तर मी भिंतींशी बोलायला लागेन. (शेजाऱ्यांच्या मते लागलोच आहे.) म्हणून मी वाळूच्या गाळणीचं मनावर घेतलं.

गाळणी फार सोपी असते, असं एका पुस्तिकेत लिहिलं आहे. कमरेएवढं पिंप, तळाशी खडी, त्यावर जाड वाळू, त्यावर बारीक वाळू आणि वाळूवर कायम वीतभर पाणी. पाणी सावकाश झिरपतं आणि तळाच्या नळातून स्वच्छ बाहेर येतं. वीज नको, औषध नको. वाळू आणायला मी इथल्या कोवलमला गेलो (केरळातल्या नव्हे). समुद्राकाठी एवढी फुकट पडली आहे, तिचं कुणाला काय, असा माझा हिशेब. पिशव्या भरून बसमध्ये चढलो. आत काय आहे म्हणून कंडक्टरने विचारलं, वाळू म्हटल्यावर त्याने एका तरुणाला उठवून मला बसायला जागा करून दिली. ती वाळू धुऊन धुऊन हातांची सालं निघाली, तरी पहिली कॉफी खारटच झाली. आई रागावली नाही. तिने फक्त विचारलं, यात लिंबू पिळू का? शेवटी ओरगडमला एका कारखान्याच्या भिंतीचं काम चाललं होतं, तिथल्या मुकादमाच्या हातापाया पडून नदीची वाळू आणली.

पिंप गच्चीवर चढवताना सोसायटीचे सेक्रेटरी अनंतकृष्ण आडवे आले. डास होतील, गच्ची गळेल. (गच्ची त्यांच्या लग्नाआधीपासून गळते आहे.) पिंपाच्या तोंडाला आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा बांधला तेव्हा ते गेले. आता मुख्य गोष्ट. या गाळणीची करामत नुसत्या वाळूत नाही, वाळूवर धरणाऱ्या सायीत आहे. काही आठवड्यांनी वर एक हिरवट बुळबुळीत थर येतो. दिसायला किळसवाणा, पण त्यातले जीव पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकतात. त्याला उगाच हात लावायचा नाही. हे मी आईला रोज संध्याकाळी वाचून दाखवत असे, आणि तीही ‘सरी, सरी’ (बरं, बरं) म्हणत शेंगा सोलत बसायची. साय धरली. पाणी नितळ यायला लागलं. मी तुम्हाला फोन करणार, तेवढ्यात आईचा उजवा डोळा झाला.

मोतीबिंदू निघाल्यावर तिला जग दिसायला लागलं, आणि जगात घाण फार. छतावरची जळमटं दिसली, माझ्या कानातले केस दिसले, आणि वाळवणं घालायला गच्चीवर गेली तेव्हा पिंपातली साय दिसली. तिने सोवळ्यात, पदर खोचून, काथ्याने वाळू घासून लख्ख केली आणि वर तुळशीपत्र ठेवलं. पाणी पुन्हा गढूळ. मी समजावलं, ती ‘सरी’ म्हणाली. साय धरते न धरते तोच पुन्हा काथ्या. मग मी पिंपावर झाकण बसवून त्याला कुलूप लावलं आणि किल्ली देवघरात लपवली. (देवघर कोणाच्या ताब्यात असतं हे मागाहून आठवलं.)

अण्णा, मी पार खचलो आहे. एकादशी जवळ आली आणि पाणी होतं तसंच आहे. काल न राहवून मी तिच्यावर ओरडलो. ती भाजी चिरायला बसली आणि मला माझीच लाज वाटली.

वहिनींना नमस्कार, मुरलीला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाऊ,
राजगोपाल

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. डॉक्टर पुढच्या महिन्यात डावा डोळा करू म्हणतात. एका डोळ्यावर ही अवस्था आहे. तुमचा शब्द ती मोडत नाही, तेव्हा साय पक्की होईपर्यंत तो डोळा पुढे ढकलायला सांगा. आणि मुरलीला तूर्त पाठवू नका.

आणखी एक ता.क. तिच्याविषयी तिच्यामागे लिहिणं बरं वाटेना, म्हणून पाकीट बंद करण्याआधी पत्र आईला वाचून दाखवलं. कॉफीच्या ठिकाणी ती हसली. मग लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, “पोट माझें बरें आहे, कण्णा. सायीचें पहिल्याच दिवशीं समजलें, समजूनच घासली. डोळ्यासाठीं राहिलें होतें, डोळा जाला. दुसरा तिथें करूं. तंजावरांत दारांत बसलें की कोणी तरी आपल्या मराठींत विचारील, जेवण जालें का म्हणून. इथें तू वाळूचेंच बोलतोस.” मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, “सीता गेल्यावर इतक्या हौसेनें तू कांहींच केलें नव्हतेंस रे. कसें सांगूं?”

तेव्हा मुरलीला पाठवा. एकादशीची वाट बघायला नको.

तुमच्या माडीवरची खोली अजून रिकामी आहे का? हे आईने विचारायला सांगितलेलं नाही. मीच विचारतो आहे.