दान्याचा हात

२ मे, शनि.
हरसूलहून जीपने आत्याच्या गावी. मांडीवर कुणाचं तरी कोंबडं. आत्याने आधी ओळखलंच नाही, मग "केस कुणी खाल्ले गं तुझे?"
पाळकसाहेबांना चर्चचा इतिहास लिहून हवाय, चार पानं. पावसाआधी जुनं पाडून स्लॅबचं बांधायचंय. विटा येऊन पडल्यात. दोन दिवसांचं काम, असं वाटतंय.

३ मे, रवि.
उपासना. चर्च म्हणजे कारवीच्या काटक्यांचा कूड, आतून मातीशेणाने लिंपलेला, वर पत्रे. भिंतीत जागोजागी कोनाडे, वेडेवाकडे, खोल. एकात मेणबत्ती लावली. आत्या गाणं अर्धं सोडून आली, फुंकर मारली.
"तिथं दान्या हाय."
दान्या तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. सिन्नरकडे कामाला गेला तो गेलाच. फोन लागत नाही. मुकादमही बदललाय.

४ मे
आत्याने सांगितलं. सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.
भात कापून झालं की सगळे मिळून भिंत लिंपतात. मग जे मजुरीला बाहेर जाणार ते ओल्या मातीत पंजा उमटवतात. पावसाआधी परत आलं की ज्याने त्याने आपला पंजा लिंपून टाकायचा. दुसऱ्याने नाही. आईनेसुद्धा नाही.
जो येत नाही त्याचा तसाच. दरवर्षी नवा थर, फक्त त्याच्यावर नाही. भिंत जाड होत जाते, तो आत आत जातो.
म्हणजे ते कोनाडे नाहीत.
सगळ्यात खोल होतं त्यात हात घातला. जवळजवळ कोपरापर्यंत. तळाशी बोटं लागली. माझ्या बोटांपेक्षा रुंद.
"कोणाचा?"
"माझ्या आज्याचा चुलता. मनमाडला रेल्वेच्या कामाला गेलता."
एवढ्या वर्षांत कुणीच ते बुजवलं नाही. आळसाने नाही, चुकून नाही. चार पानं कशी लिहू?

६ मे
द्राक्षबागांवरून माणसं परतली. बोचकी घेऊन सरळ चर्चमध्ये, घरी नंतर. एक बाई आपला पंजा लिंपता लिंपता नवऱ्याला, "तुमचा ऱ्हाऊ द्या तसाच. घरात शांतता तरी ऱ्हाईल." तो हसत हसत लिंपत होता. मग दोघांनी हात धुतले. भिंत सपाट. काही नव्हतंच तिथे असं.
आत्या दारात उभी राहून येणाऱ्यांचे चेहरे बघत होती. जीप रिकामी झाल्यावरही.

८ मे
मंडळीची बैठक. पाळकांचं चुकत नाही. वाळवी लागलीय, यंदाच्या पावसात भिंत कुणाच्या अंगावर आली तर?
आत्या उठली. "पाडा. मी नको म्हणत नाय. पण दान्याचं भोक मला द्या."
कुणीतरी हसलं. "आक्का, भोक कसं काढून देणार?"
"भोवतालची माती काढून."
मग कुणी हसलं नाही. पाळक चष्मा पुसत बसले.
"ठेवायचं कुठं?"
"नव्या भिंतीत."
"अहो, सिमेंटमध्ये तो लिंपणार कसा?"
"त्याला येऊ तर द्या."

१० मे, रवि.
उपासना झाल्यावर कापायला घेतलं. करवत, फळी, ओली पोती. दान्याचा पहिला. तो निघाला तर बाकीचेही काढायचे, असं ठरलंय. बाकीची घरं आपापल्या भोकासमोर उभी. कापलेल्या कडेला थर दिसतात, लाल, राखाडी, मध्येच पिवळट. प्रत्येक थर म्हणजे एक वर्ष तो आला नाही.
मी पोतं धरलं होतं. आत बघितलं. करंगळी जराशी वाकडी. हे विसरलेच होते मी.
तीन बाजू सुटल्या. राहिल्या मागच्या काटक्या. तिथे वाळवी किती आत गेलीय ते कापल्याशिवाय कळणार नाही. पाळक म्हणाले, आधी जेवून घ्या, मग मीच कापतो.
सगळे बाहेर पंगतीत. आत्या आली नाही. ताट घेऊन आत गेले तर भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही तळवे त्या मातीखाली लावून.
"आत्या, फळी आहे खाली."
"असू दे."
ताट बाजूला ठेवलं. मीही खाली हात लावला. जड आहे.