वरच्या दोरीवरची जोडी

शुक्रवार, दिवेलागणीला

आज मनू, माझी नात, बोंबील वाळत घालायला आली. जन्मताना तिचा डावा हात ओढला गेला, तो खांद्याच्या वर जात न्हाय. आता बारा वर्षांची झाली. डाक्टर म्हणतो, सरळ व्हायचा न्हाय, पण हलता ठेवा, नायतर आखडेल. सून म्हणते, "आई, लोकं बघतात, राहू दे तिला घरात." कसं राहू देऊ? दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायला दोन हात लागतातच. खालची दोरी तिने भरली. वरच्या दोरीला रडली. "आजी, तू दुष्ट हायस." असेन. शेवटी एक जोडी वर गेली, वाकडीच. मी मेली हसतच सुटले. आता तिचा खांदा शेकतेय, ती कण्हतेय. वाळल्यावर ती वरची जोडी तिलाच उतरवायचीय. अजून सांगितलं न्हाय.